गवतातले पाय

पौनीकरला घोड्याचे पाय जमत नसत.
हे मी सांगतो, कारण इतवारीतल्या त्या छापखान्यात
खिळे जुळवायला मी होतो,
आणि तो खिडकीखालच्या स्टुलावर, दौत मांडीशी धरून,
पुण्याहून आलेल्या हस्तलिखितातलं शिंगरू काढत बसायचा.

हस्तलिखितात डोंगरउतारावरची कुरणं होती,
दगडी कुंपण, धुकं,
आणि एका मुलीवर जीव टाकणारं पांढरंशुभ्र शिंगरू.
आमच्याकडे मे महिना होता.
दौतीतली शाई दुपारपर्यंत घट्ट व्हायची.
तो माठातलं दोन थेंब पाणी तीत टाकायचा
आणि म्हणायचा, "हे धुकं."

मान त्यानं झिरो माईलच्या घोड्यांवरून घेतली.
चार घोडे, केव्हाचे उधळलेले,
एक पाऊल पुढे गेले नाहीत.
"मॉडेल असावं तर असं," म्हणायचा,
"हलत नाही, चारा मागत नाही."
पोट घेतलं स्टेशनबाहेरच्या गफूरच्या घोडीचं.
फासळ्या मोजून घ्याव्यात अशा. मालक म्हणाले,
"लेकरांचं पुस्तक आहे बाप्पा, जरा खाऊ घाल तिला."
त्यानं रेषेनंच खाऊ घातलं. एका रात्रीत घोडी भरली.
प्रूफ ओलं होतं तसंच तो टांगा स्टँडवर घेऊन गेला.
गफूरनं बराच वेळ कागद दूर धरला, जवळ धरला.
"बाकी कुणाची तरी आहे," म्हणाला,
"फाटका कान तेवढा माझ्या घोडीचा."

डोळे मात्र बैलाचे.
त्याला इलाज नव्हता. महालात त्याच्या घरी
तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी रंगवायचे,
सातव्या वर्षापासून हाताला तोच एक डोळा ठाऊक:
एक वळसा वरून, एक खालून, मध्ये काळा ठिपका,
आणि कडेला थोडी पांढरी जागा, मुद्दाम सोडलेली.

राहिले पाय.
खूर काढला की बूट व्हायचा,
गुडघा काढला की मोडकं टेबल.
मग त्यानं गवत वाढवलं.
पान अकरावर घोट्याइतकं. पान सव्वीसवर गुडघ्याइतकं.
शेवटी शिंगरू घरी परततं
तिथं तर अंगणातही गवत, पोटाला लागलेलं,
एकेक पातं सुटं,
इतकं जीव लावून काढलेलं
की लोक म्हणाले, वा, कुरण असावं तर असं.

पुस्तकावर नाव अनुवादकाचं, मालकांचं,
छापखान्याचं पत्त्यासकट.
मी शेवटच्या फर्म्यात कुणाला न विचारता
आठ पॉइंटात एक ओळ बसवली: चित्रे, न. पौनीकर.
पन्नास प्रती निघाल्यावर मालकांचा चष्मा तिथं अडला.
ओळ मलाच उचलावी लागली, चिमट्यानं,
एकेक खिळा परत आपापल्या खणात.
पौनीकर स्टुलावरून न उठता म्हणाला,
"जाऊ दे ना बे. पन्नास लय झाले."

त्या पन्नासांतल्या दोन मला सापडल्या आजवर.
एक बर्डीच्या फुटपाथवर,
एक रद्दीत, मुखपृष्ठ नसलेली, पण ओळ शाबूत.

तीच परवा नात घेऊन बसली होती,
वहीत शिंगरू उतरवत.
मान झाली. कान झाला, फाटक्यासकट.
गवतापाशी पेन्सिल थांबली.
"आबा, याच्या खाली काय आहे?"
मी म्हटलं, माहीत नाही.
आणि खरंच, मी त्याला कधी विचारलं नव्हतं.

तिनं पुन्हा एकदा शिंगराच्या डोळ्याकडे पाहिलं,
गवताला हातही लावला नाही,
आणि खाली चार चाकं काढली.
मग ओढायला दोरी.